वैरण-कुट्टी यंत्र

ज्वारी, बाजरी व मका यांची ताटे, भाताचा पेंढा, हिरवी वैरण किंवा वाळलेले गवत यांचे जनावरांना खाण्यास सोयीचे असे लहान तुकडे करणारे कृषियंत्र. ह्या तुकड्यांना ‘कुट्टी’ म्हणतात. महाराष्ट्रात ज्वारीचा कडबा ही वाळलेल्या वैरणीची प्रमुख जात असल्यामुळे हे यंत्र ‘कडबा कापणी यंत्र’, ‘कडबा-कुट्टी यंत्र’ किंवा नुसते ‘कटर’ ह्या नावांनी ओळखले जाते. शेतीच्या यंत्रांपैकी हे रचनेने सर्वांत साध्या यंत्रांत मोडते. तथापि त्याच्या विकासामागे दोन प्रश्न सतत राहिले आहेत. तेवढ्याच वैरणीत जनावर अधिक दिवस कसे जगेल, हा पहिला प्रश्न. वैरण पुढे सरकविणारा हात पात्यापासून कसा वाचेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र निघताच मिळाले. दुसऱ्याकडे, विशेषतः भारतात, फार उशिरा लक्ष गेले.

कुट्टीचे प्रयोजन : अखंड कडब्याची पेंढी जनावरापुढे टाकल्यास ते प्रथम पाने व शेंड्याकडील कोवळा भाग निवडून खाते. बुंध्याकडील जाड व कठीण ताटे गव्हाणीत तशीच राहतात किंवा पायांखाली तुडविली जाऊन शेणामुताने खराब होतात. कुट्टी केल्यास पाने व ताटे एकत्र मिसळतात, जनावराला निवड करता येत नाही व वाया जाणारा भाग पुष्कळ कमी होतो. कुट्टीत ढेप, चुणी, मीठ किंवा हिरवी वैरण सारखी मिसळता येते. वाळलेल्या निकृष्ट वैरणीवर यूरियाची प्रक्रिया करताना (१०० किग्रॅ. वैरणीस सु. ४ किग्रॅ. यूरिया) द्रावण सर्वत्र सारखे लागण्यासाठीही कुट्टी सोयीची पडते. मुरघासासाठी तर ती आवश्यकच असते. कारण लहान तुकडे खड्ड्यात घट्ट दाबता येतात, हवा बाहेर निघते व आंबण्याची क्रिया नीट होते.

कुट्टी केल्याने वैरणीच्या रासायनिक घटनेत मात्र फरक पडत नाही. निकृष्ट कडबा कापल्याने सकस होत नाही. तो अधिक प्रमाणात खाल्ला जातो, एवढेच. वाळलेल्या वैरणीचे तुकडे सर्वसाधारणपणे २ ते ५ सेंमी. व मुरघासाचे १ ते २ सेंमी. लांबीचे ठेवतात. वैरण याहून फारच बारीक केल्यास ती रोमंथिकेतून (पोटाच्या पहिल्या कप्प्यातून) लवकर पुढे सरकते, रवंथ कमी होते व पचन बिघडते. त्यामुळे तुकड्याची लांबी ही ह्या यंत्राच्या आराखड्यातील मूळ राशी होय.

आरंभीची साधने : यंत्र येण्यापूर्वी वैरण कोयत्याने, विळ्याने किंवा कुऱ्हाडीने लाकडी ओंडक्यावर तोडीत. पंजाबात रुंद पात्याचा ‘गंडासा’ वापरीत. यानंतरची पायरी म्हणजे एका टोकाशी खिळीने जोडलेले व दुसऱ्या टोकाला मूठ असलेले लांब पाते. त्याची क्रिया सुपारीच्या अडकित्त्यासारखी असल्याने महाराष्ट्रात त्यालाही अडकित्ता म्हणतात. एका हाताने पेंढी पुढे सरकवावयाची व दुसऱ्याने पाते दाबावयाचे, अशी ही पद्धत आहे. तीत तुकड्याची लांबी कापणाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असते व काम मंद होते. परंतु दोन्ही हातांची हालचाल एकाच व्यक्तीच्या ताब्यात असते, ही गोष्ट पुढील यंत्रांच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

यूरोपातील विकास : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लाकडी पेटीत पेंढा भरून पेटीच्या तोंडाशी लांब पात्याने तो कापीत. शहरांतील व सैन्यातील घोड्यांची संख्या मोठी असल्याने कापलेल्या पेंढ्याला तेथे मागणी होती. वोबर्न येथील रॉबर्ट सॅमन (१७६३–१८२१) यांनी १७९७ मध्ये फिरत्या चाकावर पाती बसविलेले यंत्र तयार केले. लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ने त्यासाठी त्यांना पारितोषिक दिले. पुढील काळात जड प्रचक्र, त्याच्या आऱ्यांवर बसविलेली वक्र पाती व वैरण ओढून घेणारे दातेरी रूळ ही रचना स्थिर झाली. एकोणिसाव्या शतकात बिडाच्या ओतकामाची प्रगती झाल्यावर इंग्लंडमधील कारखान्यांनी अशी यंत्रे मोठ्या संख्येने तयार केली व ती वसाहतींमध्येही गेली. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त गॉफार यांनी मक्याच्या मुरघासावरील आपला ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर हिरवी, ओली वैरण वेगाने कापणाऱ्या शक्तिचलित यंत्रांची गरज वाढली.

वाफेच्या व घोड्याच्या शक्तीवर चालणाऱ्या यंत्रांबरोबर अपघातही वाढले. हाताने फिरविलेले चाक फिरविणाऱ्याने सोडताच मंदावते. एंजिनाने फिरणारे चाक मात्र कोणाचा हात रुळात अडकला म्हणून थांबत नाही. म्हणून ब्रिटिश संसदेने १८९७ मध्ये ह्या एकाच यंत्रासाठी स्वतंत्र कायदा (‘चॅफ-कटिंग मशीन्स (अ‍ॅक्सिडेंट्‌स) अ‍ॅक्ट’) केला. यंत्राचे तोंड असे असावे, की वैरण घालणाऱ्याचा हात रुळांमधून पात्यांकडे ओढला जाऊ नये, तसेच प्रचक्र व पाती काम चालू असताना झाकलेली असावीत, असे बंधन त्याने घातले. हा कायदा मनुष्यबळाखेरीज अन्य शक्तीवर चालणाऱ्या यंत्रांपुरताच होता.

किर्लोस्करांचे यंत्र : महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात ह्या यंत्राला विशेष स्थान आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. दुकानाच्या जोडीला त्यांनी लहानसा कारखाना सुरू केला व विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यांचा सुप्रसिद्ध लोखंडी नांगर १९०३ मधील. कडबा कापणी यंत्र त्याच्या आधीचे. अशा रीतीने पुढे पंप, एंजिने व यंत्रहत्यारे यांपर्यंत विस्तारलेल्या ह्या उद्योगसमूहाच्या अगदी पहिल्या उत्पादनांत वैरण कापण्याच्या यंत्राचा समावेश होतो.

लहान कारखान्याच्या दृष्टीने हे यंत्र आरंभास योग्य होते. त्याचा सांगाडा, प्रचक्र, रूळ व दंतचक्रे बिडाची असल्याने ओतशाळा व थोडे कातकाम एवढ्यावर बहुतेक भाग तयार होतात. पोलादी असतात ती फक्त पाती व आस. मोडलेला भाग बदलता यावा यासाठी सर्व भाग ठरलेल्या मापाचे असणे मात्र आवश्यक असते. लोखंडाच्या नांगराने जमीन नासते, अशी समजूत त्या वेळच्या शेतकऱ्यांत असल्यामुळे तो नांगर खपण्यास वेळ लागला. कुट्टी यंत्राचा जमिनीशी संबंध येत नाही, त्यामुळे तशा समजुतीचा अडथळा त्याला नव्हता. तरीही रोख पैसे देऊन यंत्र घेण्याची सवय शेतकऱ्यांना तेव्हा नव्हती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील कुंडल स्थानकाजवळची जमीन दिली व १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

रचना व कार्य : प्रचलित यंत्राचे प्रचक्र-प्रकार व दंडगोल-प्रकार असे दोन भेद आहेत. पहिल्यात पाती मोठ्या चाकाच्या आऱ्यांवर, तर दुसऱ्यात फिरत्या दंडगोलाच्या पृष्ठावर बसविलेली असतात. गावोगाव आढळणारे यंत्र बहुधा पहिल्या प्रकारचे असते. त्याचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे : (१) वैरण ठेवण्याचे लांबट पन्हळ, (२) वैरण पकडून पुढे ओढणारे दातेरी रूळ; वरचा रूळ वैरणीच्या जाडीप्रमाणे वरखाली होतो व स्प्रिंगने किंवा वजनाने दाबून धरलेला असतो, (३) रुळांच्या तोंडाशी बसविलेले पोलादी अचल पाते, (४) दोन किंवा तीन वक्र पाती असलेले प्रचक्र व (५) प्रचक्राची गती कमी करून रुळांना देणारी दंतचक्रे.

तुकड्याची लांबी ही प्रचक्राच्या एका फेऱ्यात रूळ वैरण किती पुढे सरकवितात व त्या फेऱ्यात किती पाती तोंडासमोरून जातात, यांवर ठरते. उदा., एका फेऱ्यात वैरण ६ सेंमी. पुढे सरकत असेल, तर दोन पात्यांच्या यंत्रात ३ सेंमी. व तीन पात्यांच्या यंत्रात २ सेंमी. लांबीचे तुकडे मिळतात. दंतचक्रे बदलून किंवा एखादे पाते काढून ही लांबी बदलता येते. चाक वेगाने फिरविले म्हणून तुकडे लहान होत नाहीत. कारण रुळांची गतीही त्याच प्रमाणात वाढते.

पाते वक्र असण्याचे कारण असे, की सरळ पाते वैरणीच्या सर्व रुंदीवर एकदम आदळते व मोठा धक्का बसतो. वक्र पाते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत क्रमाने कापत जाते, त्यामुळे लागणारे बल विभागले जाते. पाते कापीत नसते तेव्हा जड प्रचक्रात ऊर्जा साठते व पाते वैरणीत शिरताच ती वापरली जाते. माणूस दीर्घकाळ सलग काम करताना सु. ०·१ अश्वशक्तीच पुरवू शकतो. एवढ्या अल्प शक्तीत कठीण ताटे कापली जातात ती प्रचक्रामुळेच. फिरते व अचल पाते यांमधील फट अगदी कमी व सर्वत्र सारखी असावी लागते. फट वाढली किंवा धार बोथट झाली, की ताट कापले न जाता दुमडते, चाक जड चालते व शक्ती वाया जाते.

वऱ्हाडातील वापर : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी ही दीर्घकाळ प्रमुख पिके होती. कणसे खुडल्यावर ज्वारीची ताटे वाळवून पेंढ्या बांधीत व त्यांच्या गंजी रचीत. उन्हाळ्यात बैल, गाई व वऱ्हाडातील एलिचपुरी (नागपुरी) म्हशी यांचा निर्वाह मुख्यतः ह्या कडब्यावर होई. सरकी व सरकीची ढेप येथे सहज मिळत असल्याने कुट्टीत ढेप मिसळून देणे सोपे होते. चुलीसाठी पऱ्हाट्या व तुऱ्हाट्या असत, त्यामुळे उरलेल्या ताटांवर जळणासाठी अवलंबून राहावे लागत नसे. कुट्टी यंत्राला ही परिस्थिती अनुकूल होती.

पुढे पिकांत बदल झाला. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. संकरित वाणांचे धान्य-उत्पादन अधिक, परंतु ताटे बुटकी, त्यामुळे कडबा कमी मिळू लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनने ज्वारीचे बरेच क्षेत्र व्यापले. सोयाबीन, तूर व हरभरा यांचे कुटार मळणीतच बारीक होत असल्याने ते कापावे लागत नाही. दुसरीकडे संकरित गाई व दुधाचा व्यवसाय वाढून जनावरे गोठ्यातच बांधून पोसण्याची पद्धत रूढ झाली. त्यांच्यासाठी मका, संकरित नेपियर गवत इ. जाड ताटांची हिरवी पिके घेण्यात येऊ लागली. अशा प्रकारे यंत्राचे काम वाळलेल्या कडब्याकडून बऱ्याच अंशी हिरव्या वैरणीकडे वळले व हातचाकाची जागा विजेच्या मोटारीने घेतली.

उत्तरेकडील मेळघाटात परिस्थिती निराळी आहे. चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे सिपना नदीकाठचे गाव परतवाडा–धारणी मार्गावर सातपुड्यातील सागाच्या जंगलात वसले आहे. ह्या भागातील कोरकू शेतकरी ज्वारी, मका, कोदो, कुटकी इ. पिके घेतात व गवळी लोक गुरे पाळतात. गुरे परंपरेने गुराख्याबरोबर (वऱ्हाडात ‘गायकी’) रानात चरावयास जात. जेथे जनावर स्वतः वैरणीकडे जाते, तेथे वैरण कापण्याच्या यंत्राला फारसे काम नसते. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. वन्यजीव संरक्षणाबरोबर मोकळ्या चराईवर निर्बंध आले. चराईला पर्याय म्हणून गवत कापून आणणे, वैरणीची पिके घेणे व गुरे गोठ्यात पोसणे हे मार्ग सुचविले जातात. त्यांत कुट्टीचे महत्त्व उघड आहे. तथापि यंत्र दिल्याने वैरण निर्माण होत नाही. लहान शेत व थोडा कडबा असलेल्या कुटुंबाला ते तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा पावसाळ्यानंतर गवत वेळेवर कापून साठविले जाते. विजेचा पुरवठा खात्रीचा नसलेल्या डोंगरी गावांत हाताने चालणारे किंवा अनेक कुटुंबांनी मिळून वापरावयाचे यंत्र अधिक सोयीचे ठरते.

चाचणी : यंत्राची कार्यक्षमता ठरविण्यासाठी भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) चाचणी-संहिता (आयएस ७८९७) तसेच हातयंत्रांसाठी (आयएस ७८९८) व शक्तिचलित यंत्रांसाठी (आयएस ११४५९) स्वतंत्र मानके तयार केली. कृषियंत्रांच्या चाचणीची सोय बुदनी (मध्य प्रदेश) व हिस्सार (हरियाणा) येथील केंद्रीय संस्थांत आहे. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था (स्थापना १९७६) आणि राज्यांतील कृषी विद्यापीठे संशोधन करतात. वऱ्हाडासाठी अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले.

चाचणीत प्रथम भागांची मापे व पात्यांची कठिनता तपासतात. नंतर यंत्र रिकामे व वैरण घालून चालवितात आणि दोन्ही वेळी लागणारी शक्ती मोजतात. दर ताशी किती किग्रॅ. वैरण कापली गेली हे नोंदविताना वैरणीची जात व तिच्यातील पाण्याचे प्रमाण देणे आवश्यक असते. हिरव्या मक्याच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असल्याने त्याचा आकडा वाळलेल्या कडब्याच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. कुट्टीचा नमुना घेऊन तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतात व त्यांची वजने करून लांबीतील सारखेपणा ठरवितात. दीर्घकाळ चालवून धार किती टिकते व धारवे तापतात का, हेही पाहतात. पात्याचा किंवा खिळ्याचा धातूचा तुकडा कुट्टीत गेल्यास तो जनावराच्या पोटात रुतून घातक इजा होऊ शकते. म्हणून पात्यांच्या गुणवत्तेला व त्यांचे पेच घट्ट असण्याला महत्त्व आहे.

ह्या सर्व कसोट्या प्रामुख्याने यंत्र किती व कसे कापते हे सांगतात. वैरण घालणारी व्यक्ती किती सुरक्षित आहे, हे त्यांवरून कळत नाही.

अपघात व सुरक्षित रचना : हातयंत्रावर सामान्यतः दोन व्यक्ती काम करतात, एक चाक फिरविते व दुसरी वैरण सरकविते. चाकावरील व्यक्तीला दुसरीचा हात नेहमी दिसतोच असे नाही. पेंढीचा शेवटचा आखूड भाग पुढे ढकलताना बोटे रुळांत ओढली जातात, हा सर्वांत नेहमीचा अपघात होय. मोटार बसविल्यावर धोका वाढतो. पुष्कळदा मूळ हातयंत्रालाच पट्ट्याने मोटार जोडलेली असते. हाताच्या गतीसाठी आखलेल्या सांगाड्यावर पाती अधिक वेगाने फिरतात व रूळ तत्काळ थांबविण्याची किंवा उलटे फिरविण्याची सोय नसते. यंत्र घराजवळ, अंगणात किंवा गोठ्यात असल्याने लहान मुले त्याच्याशी खेळतात. जड चाक थोड्या धक्क्याने फिरू लागते व उघड्या पात्यांत किंवा दंतचक्रांत मुलांची बोटे सापडतात. यंत्र काम करीत नसतानाही ते धोकादायक असते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मळणी यंत्रांवरील अपघातांमुळे भारतात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम झाला. तो मुख्यतः शक्तिचलित मळणी यंत्रांसाठी असून इतर यंत्रांना अधिसूचनेद्वारे लागू करण्याची तरतूद त्यात आहे. वैरण-कुट्टी यंत्रांच्या अपघातांचा पद्धतशीर अभ्यास दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील दिनेश मोहन व त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातील खेड्यांत केला. त्यावर आधारित सुरक्षित यंत्राच्या विकासाचा वृत्तांत २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नवे यंत्र शोधण्याऐवजी जुन्याच यंत्रात स्वस्त सुधारणा सुचविल्या : पात्यांवर व दंतचक्रांवर आवरण, काम नसताना प्रचक्र जागीच अडकवून ठेवणारी खीळ आणि ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे, हात पुढे जाताच त्याला स्पर्श करून सावध करणारा सूचक रूळ. गावातील लोहाराला किंवा लहान कारखान्याला हे भाग तयार करता येतात. भारतीय मानक ब्यूरोने शक्तिचलित यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी २००५ मध्ये स्वतंत्र मानक (आयएस १५५४२) प्रसिद्ध केले.

वापरताना घ्यावयाची दक्षता साधी आहे. पन्हळ पुरेसे लांब असावे. आखूड वैरण हाताने न ढकलता पुढच्या पेंढीने किंवा लाकडी दांड्याने ढकलावी. बांगड्या, पदर व सैल बाह्या आवरून घ्याव्यात. मोटारीचे बटण वैरण घालणाऱ्याच्या आवाक्यात असावे. धार लावताना वीज तोडून चाक अडकवून ठेवावे. अपुऱ्या उजेडात व थकव्यात केलेले काम अधिक धोक्याचे असते.

सद्यःस्थिती : हल्लीच्या यंत्रांत रुळांची गती उलटविणारा दांडा, आवरणे व कुट्टी उंच फेकणारी पंखापाती असतात. मोठ्या शेतांवर पीक उभे असतानाच कापून त्याची कुट्टी करणारी व ती गाडीत भरणारी ट्रॅक्टरचलित यंत्रेही वापरात आली आहेत. टंचाईच्या वर्षी चारा-छावण्यांत व वैरण वाटपात कुट्टीमुळे नासाडी कमी होते, म्हणून यंत्रखरेदीस शासकीय अनुदान देण्यात आले आहे. तरीही नव्या मानकांचा परिणाम मर्यादित राहतो. बिडाचे यंत्र सहजासहजी झिजत नाही व पाती बदलून ते एका पिढीकडून दुसरीकडे जाते; त्यामुळे आवरण व खीळ नसलेली जुनी यंत्रे गोठ्यांत अजूनही वापरात आहेत. नव्या यंत्रांच्या चाचणीइतकेच ह्या जुन्या यंत्रांना वरील तीन-चार भाग बसवून देणे महत्त्वाचे आहे.